मुकी पट्टी

सभागृहाची किल्ली माझ्याकडे असते.
कुणी नेमलं वगैरे नाही.
सिनी गेली तेव्हा तिच्या कोटाच्या खिशात सापडली
आणि घर आवरायला मी होते, एवढंच.

नकाशावाले शेटलंडला चौकटीत टाकतात,
समुद्रात जागा उरली नसल्यासारखं.
त्या चौकटीतही आमचं गाव शोधावं लागतं.
दुसऱ्या शनिवारी मी चारला येते;
डिसेंबरात तोवर रात्र होऊन तास उलटलेला असतो.
हीटर लावला की भिंतींना घाम फुटतो.
खुर्च्या चौऱ्याऐंशी.
मांडते पन्नास, बसतात एकतीस,
उरलेल्यांवर कोट,
आणि एकीवर गिब्बीचा कुत्रा.

सातला खाडीकाठानं दिवे येऊ लागतात.
एका डोळ्याची गाडी रास्मीची.
फिडल पुढच्या सीटवर, पट्टा बांधून.
बायको बसायची तिथे, ती कधी पट्टा लावायची नाही.
व्हायोलिन म्हटलेलं त्याला खपत नाही.
व्हायोलिन शहरात असतं, म्हणतो, टाय लावून.

आणि आमचा पियानो.
खारी हवा खाऊन घसा बसलेला,
डावीकडची एक पट्टी तर पार मुकी,
दाबली की लाकडावर लाकूड. टक्.
बाबी वाजवायची, ती जागा आली की
टाच आपटायची जमिनीवर.
सूर नसेना का, म्हणायची, जागा कशी रिकामी ठेवायची?
मग पहिल्या रांगेनं टाच आपटली,
पुढे सगळ्यांनीच.
पोरं ती धून तशीच शिकली:
तीन सूर, एक टाच, पुन्हा दोन सूर.
पाहुणे दचकायचे. कप बशीत उडायचे.

गेल्या साली अनुदान आलं.
अर्ज मीच भरला होता.
‘समाजाला होणारा लाभ’ या रकान्यात
तीन रात्री काही सुचेना,
शेवटी लिहिलं: पियानो वाजेल.

बोटीनं माणूस आला, पियानोचं पोट उघडलं.
निघालं ते असं: केसांच्या दोन पिना,
सोडतीचं गुलाबी तिकीट, नंबर चाळीस,
आणि उंदराचं घरटं,
तेही स्वरलिपीचे कागद कुरतडून बांधलेलं.
दुसऱ्या दिवशी हात पुसत म्हणाला,
आता सगळ्या बोलतात.

त्या शनिवारी खुर्च्या बासष्ट भरल्या.
कुत्र्याला खाली बसावं लागलं.
बाबी आता नाही. तिच्या भाचीची मेरन पियानोवर,
सोळा वर्षांची, नखं चावलेली.
रास्मीनं हनुवटी टेकली.
तीन सूर झाले,
टाचा उचलल्या,
आणि तो सूर वाजला.

खोल. गोल.
शेजारच्या खोलीतून कुणी नुसतं ‘हो’ म्हणावं तसा.

निम्म्या टाचा पडल्या, निम्म्या हवेतच.
धून लंगडली. रास्मीचा गज थांबला.
चहाचा बंब तेवढा सुसकारत होता.
गिब्बी म्हणाला, कोण रे हा मध्येच बोलतोय?

हसण्यात पाच मिनिटं गेली.
नंतर पुन्हा पहिल्यापासून.
मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात ओला टॉवेल;
मला पोरीचं बोट दिसत होतं.
ती जागा आली
आणि तिनं बोट उचललं,
पट्टीच्या वर, केसभर, तसंच धरलं.
बासष्ट टाचा.
खिडक्यांच्या काचा थरारल्या.

बरोबर केलं का तिनं, मला अजून सांगता येत नाही.
अनुदानवाल्यांना तर मुळीच नाही.

चाळीस नंबरचं बक्षीस गिब्बीनं नेलं.
तिकीट आईचं होतं, म्हणतो. शेरीची बाटली.
पुरावा कोण मागणार?

सगळे गेल्यावर खुर्च्या मिटल्या,
हीटर बंद केला,
आणि उभ्या उभ्याच ती पट्टी दाबली, एकदा.
वाजली.
बाबीला आवडलं नसतं, किंवा आवडलं असतं.

किल्ली माझ्या निळ्या कोटात असते. उजव्या खिशात.
सांगून ठेवलेलं बरं.